पाणी कुठं मुरतंय

तीन आठवडे रोज सकाळी
पाव लिटर पाणी.
गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघितला, कोरडा.
पुढच्या सीटखालची चटई हुंगली, गोडसर वास नाही.
टाकी मात्र रोज बोटभर खाली.
पाणी कुठंतरी मुरतंय, मी म्हणालो,
आणि म्हण इतकी शब्दशः खरी निघाली
म्हणून थोडा खूशही झालो.

टॉडमॉर्डनचे रस्ते चढाचे.
वरच्या वळणावर हीटर गार पडायचा,
डॅशबोर्डमागे कुणी गुळण्या कराव्यात तसा आवाज,
काटा वर, मग शहाण्यासारखा खाली.
"हवा आहे," मी वैदेहीला सांगायचो,
"थर्मोस्टॅट मीच बदलला ना, तेव्हा राहिली असेल."
हवा असणं मला परवडत होतं.
हवा म्हणजे माझी चूक,
आणि माझ्या चुका आमच्या घरात
चहाबरोबर माफ होतात.

रविवारी कोर्सा चढावर उभी केली,
तोंड आभाळाकडे,
दूध पाजून बाळाला खांद्यावर घेतात तशी.
झाकण उघडं, हीटर पूर्ण, इंजिन चालू,
एकेक नळी दाबत बसलो.
ढेकर निघाली. मी बॉनेटवर थोपटलं.
सोमवारी पुन्हा बुडबुडे.
मंगळवारी.
बुधवारी पहाटे, रात्रभर हिमात उभ्या गाडीची
वरची नळी चाचपली:
गार, आणि दगडासारखी टणक.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

डोरीन ग्रीनवुडचं गॅरेज रेल्वेच्या कमानीखाली.
वरून मँचेस्टरची गाडी गेली
की भिंतीवरचे पाने किणकिणतात.
तिने सगळं ऐकून घेतलं,
थर्मोस्टॅटचं मी जरा जास्तच सांगितलं.
मग म्हणाली, "हवा एकदा निघाली की निघाली, लव्ह.
रोज नवी येत असेल, तर कुणीतरी ती पाठवतंय."

काचेची नळी, आत निळं पाणी.
ती टाकीच्या तोंडावर बसवून
ती रबरी फुगा दाबत राहिली,
टाकीतला श्वास निळ्यातून बुडबुडत वर.
मला कराडच्या शाळेतलं प्रयोगाचं टेबल आठवलं:
चुन्याच्या निवळीत फुंकर मारायचो,
भानुदासची माझ्याआधी दुधाळ झाली
म्हणून रडलो होतो.
आज उलटं. आज मनात म्हणत होतो,
नको बदलू. राहा निळी.

एक मिनिट निळी.
दीड मिनिट. वाटलं, सुटलो.
मग तळाशी शेवाळी झाक,
आणि डोरीनने उजेडाकडे धरली तोवर
लिंबाच्या सालीसारखी पिवळी.

पोस्टकार्डाएवढी जाड एक पट्टी, ती सांगत होती,
अलीकडे आग, पलीकडे पाणी.
केसाएवढ्या फटीतून धूर पाण्यात शिरतो,
पाणी आगीत जाऊन वाफ होतं,
आणि लोक खाली पुठ्ठा अंथरून बघतात.
(पुठ्ठ्याचं मी तिला सांगितलं नव्हतं.)
सतरा वर्षं शेजार नीट होता.
तिने खर्च एका पावतीच्या पाठीवर लिहिला,
त्याखाली गाडीची किंमत.
वरचा आकडा मोठा होता.
चाचणीचे पैसे घेतले नाहीत.

वैदेहीची रात्रपाळी बर्नलीला, आठ वाजता.
"हवाच ना?" तिने फोनवर विचारलं.
डोरीन नळी बेसिनमध्ये विसळत होती.
"थर्मोस्टॅट मी नीट बसवला होता," मी म्हणालो.
पलीकडे जरा शांतता.
"म्हणजे हवा नाही."
"नाही."
"बरं. बर्नलीची बस किती वाजता आहे बघ,
आणि डिकीतला पाण्याचा कॅन घेऊन ये,
मिरचीच्या कुंडीला होईल."